'एकतर्फी' म्हणजे नक्की कुठली तर्फ?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

"एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार." हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की आता डोळा त्यावर थांबतही नाही. गाव बदलतं, हत्यार बदलतं, 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द तसेच राहतात. मराठी वर्तमानपत्रांनी आणि चॅनेलवाल्यांनी हे दोन शब्द आता बंद करावेत, असं माझं मत आहे. का, ते सांगायला बरंच मागं जावं लागेल. कारण ते एकटे आलेले नाहीत, त्यांच्यामागं मैत्री, प्रेम आणि नकाराबद्दलची आपली सगळी बोली उभी आहे.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, पंचवीसेक वर्षं झाली. 'एकतर्फी' हा आमच्या रोजच्या कामातला शब्द. दिवाणी दाव्यात समन्स लागूनही प्रतिवादी आला नाही, की दावा एकतर्फी चालवायचा हुकूम होतो. दुसऱ्या बाजूचं ऐकायला मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे तो प्रतिवादी उगवला, आजारी होतो म्हणाला आणि कारण योग्य वाटलं, तर तो हुकूम रद्दही होतो. आता बातमीतलं एकतर्फी बघा. तिथे दुसरी बाजू हजर होती. तिनं तोंडानं सांगितलं होतं, बहुतेक वेळा एकदा नाही, चार-चारदा. कधी आईवडिलांना घेऊन, कधी पोलीस चौकीत जाऊन. तरी निकाल एकतर्फीच, आणि वर त्याला प्रेम म्हणायचं.

लहानपणी आपल्याकडे नकाराची फार चांगली भाषा असते. "जा, गट्टी फू!" म्हटलं की विषय संपला. कारण द्यावं लागत नाही, समोरच्याला ते पटावं लागत नाही, आणि पोरगा असो की पोरगी, हा अधिकार दोघांना सारखा. संध्याकाळपर्यंत बट्टी होते ही गोष्ट वेगळी, पण तीही दोघांनी बोटं पुढे केली तरच. सातवी-आठवीत ही भाषा गळून पडते. त्यानंतर जे शब्द तोंडात येतात त्यांचा हा इतिहास.

मोठ्यांच्या जगात नकार कुणी कुणाला द्यायचा हे ठरलेलं होतं. मुलगी बघायला यायचे. पोहे व्हायचे, चार प्रश्न व्हायचे, नाव काय, स्वयंपाक येतो का, जरा चालून दाखव. मग "कळवतो" म्हणून मंडळी उठायची. आठ दिवसांनी मध्यस्थ येऊन सांगायचा, पत्रिका जुळत नाही. एकनाड आहे. मंगळ आहे. योग नाही. खरं कारण मुलीचा रंग असायचा नाहीतर हुंड्याचा आकडा, पण तोंडावर कुणी बोलायचं नाही. पत्रिकेचा बाकी काही उपयोग असो-नसो, सभ्यपणे खोटं बोलायला तिचा मोठाच उपयोग झाला. वाटाण्याच्या अक्षता लावणं, हातात नारळ देणं, हे आपले जुने वाक्प्रचार बघा. सगळे मानपानातून आलेले. घालवून देतानाही मान राखल्यासारखं करायचं.

पण हा नकार वाहायचा एकाच दिशेनं, मुलाकडून मुलीकडे. दहा स्थळांनी नाकारलेली मुलगी अकराव्या वेळी परत पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायची. तिनं त्या दहांपैकी एखाद्याच्या दारात रॉकेलचा डबा घेऊन जावं, असं तिच्या स्वप्नातही कधी आलं नसेल. आणि तिच्या त्या दहा नकारांना कुणी 'एकतर्फी' काही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मुलीनंच नकार दिला तर काय होतं, याचं उत्तर मुंबई हायकोर्टाच्या दप्तरात आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला की बायकोला माझ्याकडे पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. दावा दांपत्य हक्क पुन्हा प्रस्थापित करण्याचा होता, आणि जिथे संसार सुरूच झालेला नाही तिथे 'पुन्हा' कसलं, असा साधारण मुद्दा. अपिलात वारं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते.

त्या वेळी टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात होता, हे आज सांगितलं की काही लोकांना राग येतो. पण होता. बाई शिकल्या, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या नावानं बालविवाहावर पत्रं लिहायला लागल्या, म्हणून नाही म्हणायला शिकल्या, असा एकूण सूर. शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला आयुष्यभर काम केलं. मला या प्रकरणात एका गोष्टीचं बरं वाटतं. दादाजींच्या दाव्याचं नावच 'हक्क' होतं. निदान शब्द तरी खरा होता. (हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये हा दावा आजही आहे बरं का. तुरुंग तेवढा गेला.)

आता मैत्रीकडे येऊ. मैत्रीसाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागितलेलं 'मैत्र' तर सगळ्या जिवांसाठी होतं. सखा, सांगाती हे शब्द संतांनी थेट विठ्ठलाला लावले. फारसीतून दोस्त आणि यार आले, त्यातल्या यारला आपण लंगोटी नेसवून लंगोटीयार केला. भिडू म्हणजे खेळातला जोडीदार, तो मुंबईच्या रस्त्यावर जाऊन सगळ्यांचाच झाला. इतका की २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ आपल्या नावाचा, आवाजाचा गैरवापर थांबवा म्हणून दिल्ली हायकोर्टात गेले, तेव्हा 'भिडू' हा शब्दही त्यांनी यादीत घातला होता. विट्टीदांडूतल्या पोरांनी आता रॉयल्टी द्यायची का, असं तेव्हा आमच्या बाररूममध्ये चाललं होतं.

हे सगळे शब्द पुरुषांचे पुरुषांसाठी. बाईच्या वाट्याला मैत्रीण आणि सखी, त्याही बाईबाईंत. बाई आणि पुरुष यांच्या मैत्रीला शब्दच नव्हता. 'मित्र' होता, पण "ती तिच्या मित्राबरोबर गेली होती" हे वाक्य कुठल्या चालीवर म्हटलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. बातमीतसुद्धा 'मित्रासोबत फिरायला गेलेली तरुणी' असं आलं की अर्धा निकाल तिथेच लागतो. मग ही अडचण इंग्रजीनं सोडवली. 'फ्रेंड' हा शब्द आला, त्याला जात-गोत-नातं काही चिकटलेलं नव्हतं. १९८९ च्या शेवटी 'मैंने प्यार किया' आला आणि त्यातली ती 'फ्रेंड' लिहिलेली टोपी तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली. पुढे १९९८ मध्ये 'कुछ कुछ होता है' आला, हातात फ्रेंडशिप बँड आले. पण मराठीत येताना या शब्दाचं एक गमतीशीर रूप झालं. मैत्री होते, जमते, जुळते. फ्रेंडशिप मात्र मागायची आणि द्यायची. "फ्रेंडशिप देशील का?" म्हणजे ती कुठलीतरी वस्तू आहे, तिच्या दप्तरात आहे, मागितली तर तिनं काढून द्यावी. आणि मागणाऱ्याचा पुढचा रस्ता सगळ्यांना ठाऊक असायचा. फ्रेंडशिप ही पायरी, मुक्काम वेगळाच.

मुली मोठ्या संख्येनं कॉलेजात आल्या आणि मराठी पोराला पहिल्यांदाच, मध्यस्थाशिवाय, पत्रिकेशिवाय, तोंडावर नकार मिळायला लागला. त्याच्या आजोबांना हा अनुभव नव्हता. त्यासाठी घरात कुणाकडे भाषा नव्हती. ती कट्ट्यावर तयार झाली. लाईन मारणे, लाईन देणे, प्रपोज मारणे (मराठीत प्रपोज करत नाहीत, मारतात), आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द, पटवणे.

'पटवणे' जरा थांबून बघा. पटणं ही ज्याची त्याची गोष्ट. मला पटलं, तुला नाही पटलं. पटवणं म्हणजे ते दुसऱ्याकडून करवून घेणं, जसं बसणं आणि बसवणं. आता या क्रियापदात 'नाही'ला जागा कुठे आहे? "पटली का?" "अजून नाही." त्या 'अजून'मध्ये सगळं आलं. तिचा नकार हे उत्तर नसून कामाची सुरुवात आहे. प्रयत्न कमी पडले, एवढंच. तिनं पुन्हा नाही म्हटलं की ती भाव खाते. भाव हा बाजारातला शब्द. म्हणजे सौदा मोडलेला नाही, दर ठरायचाय.

आणि नकार मिळाल्यावरचे शब्द पाहा. पोपट झाला. पचका झाला. डच्चू मिळाला. पत्ता कट झाला. हसू येतं यांचं, मलाही येतं, पोपट हा तर माझा आवडता शब्द आहे. पण यातला प्रत्येक शब्द त्याच्या बाजूनं आहे. त्याचं काय झालं, मित्रांपुढे त्याची लाज कशी गेली, याची नोंद पंधरा शब्दांत. ती काय म्हणाली याला एकही शब्द नाही. आणि पोपट एकांतात होत नाही, त्याला बघे लागतात. नकार एका माणसाचा, पण तो पोचतो अख्ख्या ग्रुपला, आणि मग वचपा काढायची जबाबदारीही ग्रुपची होते.

मी शिकले ते कॉलेज तालुक्याच्या गावातलं. १९९३ साल असेल. वर्गाबाहेरच्या जिन्यात पाच-सहा जण बसायचे आणि मी चालले की "वहिनी आल्या, वहिनी आल्या" असं सुरू व्हायचं. त्यांच्यातल्या एकाला मी आवडते म्हणे. त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पण त्याच्या मित्रांनी माझं लग्न लावून टाकलं होतं. 'वहिनी' हा किती मानाचा शब्द! घरात वहिनीपुढे दीर खाली मान घालून बोलतो. त्याच शब्दानं जिन्यावर एका मुलीवर शिक्का मारला जायचा: ही आपल्यातल्या अमक्याची, बाकीच्यांनी नाद सोडा. तक्रार करावी तर काय करणार? "सर, मला वहिनी म्हणतात." शिक्षक हसले असते.

मुलींनीही नात्याचंच हत्यार उचललं. "मी तुला भाऊ मानते." मराठी मुलीनं शोधलेला हा पत्रिकेचा पर्याय. नाही म्हणायचं, पण अपमान करायचा नाही, उलट एक पवित्र नातं द्यायचं. राखीपौर्णिमेच्या आसपास कॉलेजात काही पोरं दिसायची नाहीत, हा विनोद तुमच्याही कॉलेजात असणार. पण यातली गोम बघा. नुसतं 'नाही' पुरत नव्हतं. कुणाची तरी बहीण झाल्याशिवाय, किंवा कुणाची तरी वहिनी असल्याशिवाय, सुटका नव्हती. मला नको, एवढं वाक्य व्याकरणात होतं, व्यवहारात नव्हतं.

मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा चालू असताना वर्गात घुसून एका मुलीला जाळून मारलं. नाव तुम्हाला आठवत असेल, मी लिहीत नाही. माझ्या पिढीच्या घराघरांत त्यानंतर महिनाभर तीच चर्चा होती, आणि चर्चेचा शेवट बहुतेक घरांत एकच, मुलींनी जपून राहावं. क्लासला सोडायला भाऊ जायला लागले. त्याच सुमारास 'रोडरोमिओ' हा शब्दही बातम्यांत मुरला. 'रोडरोमिओंचा सुळसुळाट', जसा काही डासांचा. खऱ्या रोमिओवर हा अन्यायच. शेक्सपिअरच्या रोमिओला आधी रोझलिननं नकार दिलेला असतो, तो त्या दुःखात फिरत असतो आणि ज्युलिएट दिसल्यावर त्याच रात्री रोझलिनला विसरतो. रोझलिनला नाटकात कुणी काही करत नाही. आपला रोमिओ, आपला मजनू मात्र शाळेच्या गेटवर उभा. प्रेमिकाची पदवी छळणाऱ्याला देऊन टाकायची ही सवय तेव्हाची. १९९३ मध्ये 'डर' आला. नायक सनी देओल होता, पण कट्ट्यावर नक्कल चालायची ती पाठलाग करणाऱ्या शाहरुखची.

आता इंटरनेट. त्याआधी घरच्या फोनवरचे ब्लँक कॉल होते, मग मोबाईलवरचे मिस कॉल. सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या खुराड्यात याहूच्या चॅटरूम, तिथे ओळख म्हणजे तीन अक्षरं, एएसएल, वय-लिंग-ठिकाण. आणि २००४ मध्ये ऑर्कुट. ऑर्कुटबद्दल माझ्या मनात अजून माया आहे. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, आणि एक सोय जी आता कुणाला आठवत नाही, क्रश लिस्ट. तुम्हाला आवडणाऱ्या माणसाचं नाव गुपचूप त्यात टाकायचं. समोरच्यानंही तुमचं टाकलं असेल तरच दोघांना कळणार, नाहीतर कुणालाच नाही. म्हणजे नकार द्यायचाच नाही, घ्यायचाच नाही, पोपट होण्याची शक्यताच शून्य. पुढे टिंडरनं हीच युक्ती वापरून धंदा केला. जुन्या मध्यस्थाचंच काम, पत्रिका न बघता. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं.

क्रश लिस्टचा सभ्यपणा सगळ्यांना परवडला नाही. ऑर्कुटवर, मग फेसबुकवर, अनोळखी मुलींना एक वाक्य धडाधड जायला लागलं, आणि त्यातल्या स्पेलिंगवरून त्याला नाव पडलं 'फ्रॅन्डशिप'. "विल यू मेक फ्रॅन्डशिप विथ मी?" यावर इंग्रजी शाळेतली मंडळी भरपूर हसली, अजून हसतात. मला ते हसणं पूर्ण रुचत नाही. सत्तर अनोळखी बायकांना तोच मेसेज पाठवणं हा त्रास आहेच, इनबॉक्स उघडायची भीती वाटावी इतका. पण हसलं गेलं ते त्रासाला नाही, स्पेलिंगला. शुद्ध इंग्रजीत तोच मेसेज पाठवणारा साहेब कधी विनोदाचा विषय झाला नाही. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत व्याकरण अचूक असलेले बरेच आहेत.

फेसबुकनं 'फ्रेंड'ची उरलीसुरली किंमत घालवली. पाच हजारांपर्यंत मित्र करता येतात. पसायदानाच्या जवळ जायचा हा अमेरिकन प्रयत्न म्हणायचा. २००९ मध्ये 'अनफ्रेंड' हा शब्द न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनं वर्षाचा शब्द म्हणून निवडला. गट्टी फूला इतक्या वर्षांनी इंग्रजीत प्रतिशब्द मिळाला, फक्त करंगळीच्या जागी बटण. आणि पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२. एका मुलीनं मुंबई बंदबद्दल पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीनं ती लाईक केली, दोघींना अटक. मैत्रिणीचा गुन्हा काय, तर लाईक. त्या प्रकरणापासून सुरू झालेल्या याचिकेत २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम ६६अ रद्द केलं. ऑनलाइन मैत्रीनं या देशाच्या कायद्यात केलेलं हे मोठं काम, आणि ते दोन मुलींच्या मैत्रीनं केलं.

मग 'फ्रेंडझोन'. १९९४ च्या 'फ्रेंड्स' मालिकेतल्या एका भागानं हा शब्द गाजवला, आपल्याकडे तो मीम्सबरोबर आला. "तिनं मला फ्रेंडझोन केलं." बघा हं, १९९० मध्ये जी फ्रेंडशिप हात पसरून मागितली जायची, तीच २५ वर्षांनी मिळाली तर शिक्षा वाटायला लागली. आणि क्रियापद तिच्या नावावर. तिनं केलं. तिनं काहीच केलेलं नसतं, ती आधी जशी मैत्रीण होती तशीच असते. पोपट, पचका, फ्रेंडझोन, कॅमेरा कायम त्याच्याच खांद्यावर.

२०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा गावागावात पोचला. 'सीन'वर सोडणं, ब्लॉक, घोस्टिंग, सिच्युएशनशिप, रोज नवा शब्द. सगळ्यांवर लिहीत बसत नाही. पण घोस्टिंगबद्दल वकील म्हणून एक सांगायचंय. घोस्टिंग म्हणजे कारण न देता गायब होणं, आणि त्याला आजकाल असंस्कृत समजतात. मला ते आधी समजून घ्यावंसं वाटतं. 'नाही' म्हटल्यावर काय होऊ शकतं हे उल्हासनगरपासून जिच्या आईला माहीत आहे, ती मुलगी गप्पपणे निघून जाणारच. अडचण वेगळीकडे आहे.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ मध्ये दंड संहितेत कलम ३५४ड आलं. पाठलागाचा गुन्हा. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. त्यातली कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. बाईनं आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करणं, करू पाहणं, हा गुन्हा. तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं हाही गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दुसऱ्यांदा पाच. त्याआधी 'छेड काढणे' होतं, पण ते विनयभंगाच्या भाषेत, म्हणजे तिची लाज गेली का, हा प्रश्न. नव्या कलमात प्रश्न बदलला: ती नाही म्हणाली होती का? पटवण्याच्या व्याकरणाला कायद्यानं दिलेलं हे पहिलं उत्तर. आणि एप्रिल २०१७ मध्ये, हिमाचलमधल्या एका मुलीच्या आत्महत्येच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रेम करायला कुणी बाईला भाग पाडू शकत नाही, नाकारण्याचा तिचा हक्क पूर्ण आहे. फॅरनसाहेबांच्या हुकुमाला १३० वर्षं झाली होती.

तर अडचण ही, की या कलमात तिचा नकार स्पष्ट दिसावा लागतो, आणि गप्प राहणं कोर्टात सिद्ध करणं कठीण. ब्लॉक करणं हाही स्पष्ट नकारच, असा युक्तिवाद मी करते, पण समोरचा वकील म्हणतो, चुकून झालं असेल. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते: सुरक्षित असशील तर, ब्लॉक करण्याआधी एक ओळ लिही. "मला तुमच्याशी संपर्क नको आहे, पुन्हा मेसेज करू नका." सॉरी नाही, कारण नाही, 'भाऊ मानते' नाही. स्क्रीनशॉट घे, फोन फॉरमॅट करू नको, मूळ चॅट ठेव. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. त्या ओळीवर आल्या की मुली अडतात. "मॅडम, एवढं तोडून कसं लिहू?" तोडून लिहायचे शब्दच कधी तोंडात बसलेले नसतात.

इथे कुणीतरी म्हणेल, सगळ्याच पोरांना गुन्हेगार ठरवताय. नाही. उलट बाजूही याच शब्दांत दडलेली आहे. दोघांचं खरंच जमलं, जात आडवी आली, की मुलीच्या घरचे काय लिहून देतात? 'फूस लावून पळवून नेले.' पोलीस ठाण्यातला हा ठरलेला मजकूर. 'एकतर्फी'मध्ये तिचं 'नाही' गायब, 'फूस लावून'मध्ये तिचं 'हो' गायब. एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यात खर्डा इथं सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. गावातल्या सवर्ण मुलीशी बोलतो, या रागातून मारल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा मुलीच्या 'नाही'ची बाजू घेताना तिच्या 'हो'चीही घ्यावी लागते, नाहीतर आपण फक्त तिच्या बापाची बाजू घेत असतो.

३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, आठवड्यानं ती गेली. आरोपीला दोन वर्षांनी जन्मठेप झाली. शक्ती विधेयक विधिमंडळानं २०२१ मध्ये मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. जून २०२३ मध्ये पुण्यात, सदाशिव पेठेत, कोयता घेऊन मुलीमागं धावणाऱ्याला अडवायला एक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पोरगा मध्ये पडला, म्हणून ती वाचली. बातम्यांत दोन्ही वेळा तेच दोन शब्द.

बदली शब्द काय, असं एका पत्रकार मित्रानं विचारलं. (हो, मित्र.) मी म्हटलं, 'नकार दिल्यानंतर पाठलाग करून'. तो म्हणाला, हेडिंगमध्ये बसत नाही. मग 'नकारानंतर हल्ला' लिहा, 'एकतर्फी प्रेमातून हल्ला'पेक्षा छोटंच आहे.

आता तुमच्याकडे एक काम. तुमच्या कॉलेजात, तुमच्या गावात, मुलगी 'नाही' म्हणाली तर त्याला काय म्हणायचे? त्याच्या बाजूचा शब्द नको, ते ढीगभर जमलेत. तिच्या बाजूचा, मुली आपसात वापरायच्या तो. कोकणातला, वऱ्हाडातला, बेळगावचा, गोव्याचा, कुठलाही. साल आणि गाव टाकून खाली लिहा. शिवी असली तरी चालेल.